ऑनलाइन सेवा करणाऱ्यांचे आधारमंडळ: खर्च किती, कागद कोणते

तुम्ही यूट्यूबवर संदेश देता, व्हॉट्सॲपवर प्रार्थनेच्या विनंत्या घेता, रात्री-अपरात्री लोकांचे फोन उचलता. चर्चमध्ये नेमलेल्या पाळकाला किंवा फादरना निदान वरिष्ठ असतात, सहकारी असतात. घरातून एकट्याने सेवा चालवणाऱ्याला थकवा, घरातली ओढाताण, कमेंटमधल्या शिव्या सांगायला माणूस नसतो. त्यासाठी तुमच्यासारख्याच पाच-सहा जणांचे मंडळ जमवा. अहिल्यानगर, जालना, वसई, पुणे, दुबई, कुणी कुठलेही चालेल. सुरुवातीचा खर्च शून्य रुपये. कोणी याहून जास्त सांगितला, तर सावध व्हा.

माणसे किती? सहा. गूगल मीटवर तिघे किंवा जास्त जण असले की मोफत बैठक ६० मिनिटे चालते. प्रत्येकी आठ मिनिटे धरली तर ४८ झाली. उरलेल्या वेळात सुरुवातीची आणि शेवटची प्रार्थना. झूमची मोफत बैठक ४० मिनिटांत तुटते, नेमकी कुणीतरी मन मोकळे करत असताना. म्हणून मीट बरे. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये १,०२४ जण बसतात, पण तेवढ्यांसमोर कोणी आपल्या संसारातली अडचण बोलत नाही. सातवा आला की दुसरे मंडळ काढा.

कधी? रविवार नको, शनिवारची रात्रही नको. तेव्हा सगळे संदेशाच्या तयारीत असतात. सोमवारी किंवा मंगळवारी संध्याकाळी, पंधरा दिवसांतून एकदा. बैठक चालवण्याचे काम आळीपाळीने करा. एकाच्याच हाती दिले की तीन महिन्यांत त्याचे मंडळ होते आणि बाकीचे श्रोते होतात. निवड करताना एकाच मंडळीतले, नात्यातले किंवा एकमेकांच्या हाताखाली काम करणारे दोघे एकत्र घेऊ नका. स्त्रिया सेवेत असतील तर त्यांना विचारा. पुष्कळ जणींना स्त्रियांचेच वेगळे मंडळ सोयीचे वाटते.

कागदपत्रे? सरकारी एकही नाही. एका पानाचा आपसातला करार मात्र लिहून घ्या: इथले बोलणे बाहेर जाणार नाही, संदेशात उदाहरण म्हणूनही वापरणार नाही, रेकॉर्डिंग नाही, स्क्रीनशॉट नाही. टिपणे काढणारे एआय सहायक बंद ठेवा. ते कोणाच्या तरी खात्यातून आपोआप बैठकीत शिरतात आणि सगळे लिहून ठेवतात. व्हॉट्सॲपवर संदेश सात दिवसांत नाहीसे होण्याची सोय चालू करा.

गुप्ततेला एक अपवाद आहे आणि तो करारात स्पष्ट लिहा. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ‘प्रार्थनेत ऐकले’ ही सबब चालत नाही. मुलांसाठीचा हेल्पलाइन क्रमांक १०९८.

आता पैसे. सामाईक निधी ठेवूच नका. कोणा एकाच्या वैयक्तिक खात्यात वर्गणी गोळा झाली की आज ना उद्या हिशेबाचा वाद होतो आणि प्राप्तिकराचा प्रश्नही त्याच्याच गळ्यात पडतो. वर्षातून एकदा प्रत्यक्ष भेटायचे ठरले, तर राहण्याजेवणाचे पैसे प्रत्येकाने, जिथे उतराल त्या केंद्राला थेट द्यावेत. आधी विचारा: जेवण धरून दर किती, हॉलचे वेगळे भाडे आहे का, रद्द केल्यास किती परत मिळतील. मंडळाचा खरा खर्च हाच, आणि तो करण्यासारखा आहे.

बैठकीसाठी सशुल्क ॲप घ्यायचेच झाले, तर जाहिरातीतल्या दरावर १८ टक्के जीएसटी धरा. दर डॉलरमध्ये असेल तर बँकेचे परकीय चलन शुल्क वेगळे. ‘मोफत महिना’ घेताना कार्ड दिले असेल, तर आपोआप नूतनीकरण त्याच दिवशी बंद करा.

‘संस्था नोंदवून टाकू’ असे कोणीतरी म्हणेलच. घाई नको. सोसायटीला किमान सात सभासद लागतात. ट्रस्टला विश्वस्त, न्यासपत्र, सर्वांचे ओळखीचे आणि पत्त्याचे पुरावे, धर्मादाय कार्यालयाच्या फेऱ्या. सरकारी शुल्कापेक्षा मध्यस्थाची फी मोठी असते. पुढे दरवर्षी हिशेब द्यायचा, विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज भरायचा. सहा जणांच्या बोलण्यासाठी यातले काहीच लागत नाही.

परदेशातून पैसे येत असतील तर इथे थांबून वाचा. परदेशी नागरिक किंवा संस्थेकडून सेवेसाठी देणगी घ्यायला एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. ‘आमच्याकडे नोंदणी आहे, आमच्यामार्फत घ्या’ हा आडमार्ग २०२० च्या दुरुस्तीने बंद झाला. नोंदणीकृत संस्थाही ती रक्कम दुसऱ्याला देऊ शकत नाही. दुबईतल्या भारतीय पासपोर्ट असलेल्या भावाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी देणगी धरत नाहीत. ओसीआय कार्डधारकाचे (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचे) मात्र धरतात.

सर्वांत जास्त पैसे उकळले जातात ते नावाच्या हौसेवर. ‘आंतरराष्ट्रीय सेवक संघ’ असे भारदस्त नाव, वार्षिक सदस्यत्व, ओळखपत्र, दीक्षा प्रमाणपत्र, आणि वर मानद डॉक्टरेट. पैसे भरून मिळणाऱ्या डॉक्टरेटला शैक्षणिक किंमत नाही. आधाराच्या नावाखाली कोणी दशांश मागत असेल, इतरांचे दोष कळवायला सांगत असेल किंवा बाहेर पडणाऱ्याला शापाची भीती घालत असेल, तर त्या दिवशीच बाहेर पडा.

मंडळ म्हणजे उपचार नव्हे. झोप उडाली, आठवडेच्या आठवडे उदासी हटत नाही, दारू वाढली, असे दिसले की तज्ज्ञाकडे पाठवा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जाताना भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. एका भेटीची फी आणि मिनिटे किती, हे फोनवरच विचारून घ्या. ‘विश्वास कमी पडतो’ असे म्हणून कोणाचे औषध थांबवू नका. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलले, तर बैठक संपवू नका: एकाने त्याच्याशी बोलत राहावे, दुसऱ्याने घरच्यांना फोन लावावा, धोका समोर दिसत असेल तर ११२. म्हणून प्रत्येकाचा पत्ता आणि घरच्या एका माणसाचा नंबर पहिल्याच बैठकीत लिहून घ्या. सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६. फोन मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येते.