पाळी का लांबते?
इंदुरी असो वा तळेगाव, मुलीची पाळी लांबली की घरात म्हणतात, “लग्न झालं की होईल ठीक.” भगिनींनो, लग्न हा इलाज नाही. पीसीओएसमध्ये बहुधा रक्तातले इन्सुलिन वाढते. ते अंडाशयाला जास्त टेस्टोस्टेरॉन बनवायला लावते. मग बीज वेळेवर पक्व होत नाही, पाळी लांबते, मुरमे व हनुवटीवर केस येतात.

पाळी सुरू होऊन ३ वर्षे झाल्यावरही ती ३५ दिवसांपेक्षा लांबत असेल, तर सरकारी दवाखान्यात दाखवा. टेस्टोस्टेरॉन, थायरॉईड, प्रोलॅक्टिन आणि साखर तपासतात. जास्त असलेले वजन ५ ते १० टक्के घटले तरी पाळी सुधारू शकते. वर्षानुवर्षे दुर्लक्ष केल्यास गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. मुलीला दोष देऊ नका. तिच्यासोबत दवाखान्यात जा.