फुकटचा पहारेकरी

आपल्या नागपुरांत शून्य मैलाचा जो दगडी स्तंभ आहे, तो तुमच्यापैकीं बहुतेकांनीं जातां-येतां पाहिला असेल. ब्रिटिश अमदानींत येथून निरनिराळ्या शहरांचीं अंतरें मोजीत, असें सांगतात. आतां अशी कल्पना करा कीं, कोणी एका दुकानदारानें रात्रींतून तो स्तंभ उपटला व आपल्या दुकानापुढें नेऊन रोविला. शहरें होतीं तेथेंच राहतील, रस्तेही मोडणार नाहींत. पण त्या स्तंभावर विश्वासून जो निघेल, त्यास प्रथम त्या दुकानावरून जावें लागेल. संगणकावर ब्राउझर उघडतांच जें पहिलें पान दिसतें व ज्या चौकटींत आपण शोधावयाचा शब्द लिहितों, तो आपल्या घरचा शून्य मैलच होय. तो कोण हलवितो, कशासाठीं हलवितो, व हलविल्याचें आपणांस समजत कां नाहीं, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

गेल्या पावसाळ्यांत नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थी आपल्या वडिलांस घेऊन आमच्याकडे आला. वडिलांचें महालांत शिवणकामाचें लहानसें दुकान आहे. मुलाच्या शिक्षणासाठीं म्हणून त्यांनीं एक जुना संगणक विकत घेतला होता. शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा होता. तेव्हां बापलेकांनीं ब्राउझर उघडून शिष्यवृत्तीचें नांव लिहिलें, सर्वांत वर जें पान आलें तेंच सरकारी समजून उघडलें, मुलाचें नांव, जन्मतारीख व फोन नंबर भरला, आणि 'प्रक्रिया शुल्क' म्हणून साडेतीनशें रुपयेही भरले. पुढें पोंच येईना. मुदत संपावयास चार दिवस उरले, तेव्हां ते शाळेंत आले. अर्ज कोठेंच पोंचला नव्हता. जें पान त्यांनीं सरकारी मानलें, ती केवळ एका दलालाची जाहिरात होती. खऱ्या सरकारी पानावर तोच अर्ज एक पैही न देतां भरतां येतो. त्याच सायंकाळीं संगणकाच्या खोलींत बसून तो आम्हीं भरविला व तो वेळेवर गेला. पैशाबद्दल १९३० या सरकारी सायबर मदत-क्रमांकावर तक्रार नोंदविली. पैसे मात्र अद्याप परत आलेले नाहींत.

परंतु नेहमींच्या शोधयंत्रांत पहिल्या कांहीं ओळींत सरकारी पान दाखविणारा तोच शब्द त्यांच्या घरीं भलतीकडे कां गेला, हें पाहावें म्हणून आम्हीं त्यांचा संगणक शाळेंत मागविला. ब्राउझर नेहमींचाच होता. पण पहिलें पान निराळें, शोधयंत्राचें नांव कधीं न ऐकलेलें, वरच्या बाजूस रंगीत बटणांची एक पट्टी, आणि निकालाच्या पानावर निम्म्याहून अधिक जाहिराती, त्याही निकालासारख्याच छापलेल्या. हें सर्व कोठून आलें, याचा माग काढतां काढतां असें निघालें कीं, आठ महिन्यांपूर्वीं मुलानें स्वतःच एक फुकट मिळणारें अँटिव्हायरस संगणकावर चढविलें होतें, व त्याच्याबरोबर हीं पाहुणीमंडळी घरांत शिरली होती. (अँटिव्हायरस या शब्दास मराठी प्रतिशब्द देण्याचा खटाटोप अनेकांनीं केला; आमच्या विद्यार्थ्यांच्या तोंडीं तो तसाच बसला आहे, म्हणून आम्हीही तसाच ठेवितों.)

हें ऐकून मुलाचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "सर, झेरॉक्सच्या दुकानांतून पेनड्राइव्ह आणतों, त्यांतून व्हायरस येऊं नये म्हणूनच मीं तें घातलें होतें." मुलाचें म्हणणें अगदीं खरें होतें. त्यानें निष्काळजीपणा केला नव्हता. काळजी घेतली होती. त्या काळजीचाच कोणी उपयोग करून घेतला, ही गोष्ट आम्हांस त्या साडेतीनशें रुपयांहून अधिक लागली. न्यायाच्या दृष्टीनें येथें एक सांगणें अवश्य आहे: तें लबाडीचें पान अँटिव्हायरसनें बनविलें नव्हतें. त्यानें केवळ शून्य मैलाचा दगड हलविला होता.

हा दगड हलतो तो सॉफ्टवेअर चढवितांना. त्या वेळीं दोन वाटा पुढें येतात. एक 'शिफारस केलेली', मोठ्या ठळक बटणाची. दुसरी 'आपल्या पसंतीची', बारीक व फिक्या अक्षरांत, जणू ती बंदच आहे असें वाटावें अशी. पहिल्या वाटेनें गेल्यास कांहीं चौकटींत बरोबरची खूण आधींच केलेली असते: 'हें माझें पहिलें पान करा', 'हें माझें शोधयंत्र करा', 'ही पट्टी बसवा'. आपण 'पुढें' म्हणून बटण दाबीत जातों, व शेवटीं तीन गोष्टींस होकार देऊन बसतों. त्या मुलानेंही हेंच केलें होतें. आम्हीं त्याच्यासमोर तेंच सॉफ्टवेअर एका रिकाम्या संगणकावर पुनः चढवून दाखविलें, तेव्हां तिसऱ्या पायरीवर त्यानें बोट ठेवून विचारलें, "पण सर, ही खूण मीं कोठें केली?" त्याच्या या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. खूण त्यानें केलीच नव्हती; ती त्याच्या वतीनें कोणी करून ठेविली होती.

आतां कोणी विचारील, दुसऱ्याचें पहिलें पान बदलून कोणास काय मिळतें? मिळतें तें पुष्कळ. शोधयंत्राच्या धंद्याचें उत्पन्न जाहिरातींवर आहे, आणि ज्याच्या द्वारें शोध करणारा मनुष्य येतो, त्यास त्या उत्पन्नांतून हिस्सा देण्याची चाल आहे. ही जागा किती मोलाची, हें अमेरिकेंत गूगलवर चाललेल्या खटल्यांत २०२३ सालीं उघड झालें. ब्राउझरांत व फोनांत आपलें शोधयंत्र आधींपासून बसलेलें असावें एवढ्यासाठीं गूगलनें २०२१ या एका वर्षांत सुमारें २,६३० कोटी डॉलर मोजले होते. जेथें मोठा सावकार इतके पैसे ओततो, तेथें लहानसहान शोधयंत्रेंही अँटिव्हायरसच्या पाठीवर बसून घरांत शिरूं पाहतील, यांत नवल तें काय? फुकट पहारा देणाऱ्यासही पगार लागतोच. तो आपण देत नाहीं, तेव्हां तो दुसऱ्या कोणाकडून घेतो.

हे प्रकार केवळ अप्रसिद्ध नांवांकडूनच होतात असें मात्र कोणी समजूं नये. चेक देशांत ब्रनो या शहरीं १९९१ सालीं निघालेली एव्हीजी ही अँटिव्हायरस करणारी कंपनी जगभर नांवाजलेली. तिच्या अँटिव्हायरसबरोबर 'वेब ट्यूनअप' नांवाची एक जोड क्रोम ब्राउझरांत आपोआप बसे. धोक्याच्या पानांबद्दल आधीं सूचना देणें हें तिचें सांगितलेलें काम. शोधयंत्र व नवें पान या सेटिंगांतही ती हात घाली. डिसेंबर २०१५ मध्यें गूगलमधील संशोधक टॅव्हिस ऑर्मंडी यांनीं दाखवून दिलें कीं, ती जोड इतक्या ढिलाईनें रचलेली आहे कीं, तिच्यामुळें कोणतेंही परकें पान वापरणाऱ्याचा ब्राउझरमधील इतिहास वाचूं शकेल. त्या वेळीं सुमारें नव्वद लक्ष लोकांच्या क्रोममध्यें ती होती. कंपनीनें पुढें दोष दुरुस्त केला, हें खरें. पण चोरापासून राखण करावयास ठेविलेल्या मनुष्यानें, आपल्या सोयीसाठीं, मागची खिडकी उघडी टाकावी, याचें याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. प्राग येथील अवास्ट या कंपनीनें २०१६ सालीं हीच एव्हीजी विकत घेतली. अवास्टचेंही अँटिव्हायरस फुकट मिळे, व कोट्यवधि लोक तें वापरीत. जानेवारी २०२० मध्यें मदरबोर्ड व पीसीमॅग या दोन अमेरिकन नियतकालिकांनीं उघडकीस आणलें कीं, वापरणारे कोणकोणतीं पानें पाहतात याची माहिती अवास्ट गोळा करी, व जंपशॉट नांवाच्या आपल्याच पोटकंपनीमार्फत ती विकी. बभ्रा होतांच जंपशॉट बंद करण्यांत आली. पुढें फेब्रुवारी २०२४ मध्यें अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननें अवास्टला १ कोटि ६५ लक्ष डॉलर भरावयास लावण्याचा व जाहिरातीसाठीं अशी माहिती विकण्यास मनाई करण्याचा प्रस्ताव जाहीर केला. लोक कोणता आजार शोधतात, कोणत्या धर्माचीं पानें वाचतात, कर्जासाठीं कोठें विचारतात, हें सारें त्या माहितींतून कळूं शकत होतें. पहिलें पान बदलणें हा या धंद्याचा डोळ्यांस दिसणारा भाग. न दिसणारा हा असा.

तर मग फुकट तेवढें वाईट, असें म्हणावें काय? तसें आम्ही म्हणत नाहीं. विंडोजमध्यें २०१२ पासून, म्हणजे आठव्या आवृत्तीपासून, मायक्रोसॉफ्टचें स्वतःचें डिफेंडर हें अँटिव्हायरस आंतच असतें. त्यास वेगळे पैसे पडत नाहींत, कारण त्याची किंमत विंडोजच्या किंमतींतच धरलेली असते. त्या मुलाच्या संगणकावरही तें होतेंच. नवा पहारेकरी आल्यावर जुना गुपचूप बाजूस झाला होता. आपल्या केंद्र सरकारनेंही फेब्रुवारी २०१७ मध्यें 'सायबर स्वच्छता केंद्र' सुरू करून व्हायरस झाडण्याचीं साधनें लोकांस विनामूल्य दिलीं. त्यांचा खर्च सरकारी तिजोरींतून होतो. त्यांतील एक साधन पुण्याच्या क्विक हील या कंपनीचें. या कंपनीची कथा मुलांनीं ऐकण्यासारखी आहे. रहिमतपूरकडील कैलास काटकर हे पुण्यांत कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत. पुढें संगणक दुरुस्तीचें दुकान काढिलें. दुरुस्तीस येणारे संगणक व्हायरसनें बिघडलेले असत, म्हणून धाकटे बंधु संजय यांनीं महाविद्यालयांत शिकत असतां त्यावर उपाय लिहिण्यास आरंभ केला, व त्यांतून १९९० नंतरच्या दशकांत ही कंपनी उभी राहिली. तें सॉफ्टवेअर खोक्यांतून, किंमत छापून, दुकानांत विकलें जाई. त्याची भलावण करण्याचा आमचा हेतु नाहीं. पैसे देऊन घेतलेल्या वस्तूंतही खोड असूं शकते. मुद्दा इतकाच कीं, तेथें किंमत किती व ती देणारा कोण, हें घेणाऱ्यास ठाऊक असतें.

पालकांच्या माहितीसाठीं कायद्याचे दोन शब्द. ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं; त्यांत अशा तेरा प्रकारांचीं नांवें दिलीं आहेत, व न मागितलेली वस्तु गळ्यांत बांधणें हा त्यांतील एक होय. त्याच वर्षीं संसदेनें केलेल्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यांत असें म्हटलें आहे कीं, संमति ही स्वखुषीची, समजून दिलेली व स्पष्ट कृतीनें दर्शविलेली असली पाहिजे. आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतींत ती आईबापांची असली पाहिजे. आधींच करून ठेविलेली खूण ही कोणाची कृति, याचा विचार त्या नववीच्या मुलानें आपल्या प्रश्नांत केलाच होता.

उपाय सोपा आहे, पण त्याचा क्रम चुकवूं नये. प्रथम विंडोजच्या सेटिंग्जमध्यें 'ॲप्स' उघडून तें अँटिव्हायरस व त्याच वेळीं आलेलीं इतर सॉफ्टवेअरें काढावींत. तसें न करतां केवळ ब्राउझरचें पान बदलल्यास दुसऱ्या दिवशीं तें पुनः पहिल्यासारखें होतें. आमचाही एक आठवडा यांत गेला. दहाव्या व अकराव्या विंडोजवर बाहेरचें अँटिव्हायरस निघतांच डिफेंडर आपण होऊन जागें होतें. तें झालें कीं नाहीं हें पाहून घ्यावें. नंतर ब्राउझरच्या 'एक्स्टेन्शन्स' या पानावर जाऊन अनोळखी जोडण्या काढाव्या. मग 'रीसेट सेटिंग्ज' करावें. क्रोममध्यें त्यामुळें पहिलें पान व शोधयंत्र मूळ स्थितीस येतें, आणि जपून ठेविलेले पासवर्ड व बुकमार्क जात नाहींत. इतकें करूनही भलतें पान उघडत असेल, तर पडद्यावरील ब्राउझरच्या चित्रावर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज'मध्यें 'टार्गेट' ही ओळ वाचावी. तिच्या शेपटीस एखादा पत्ता चिकटविलेला आढळतो, तो पुसून टाकावा. त्या मुलाच्या संगणकावर चोर याच ठिकाणीं दडला होता. आणि घरच्या संगणकावर क्रोमच्या यादींत तळाशीं 'आपला ब्राउझर आपली संस्था चालविते' अशा अर्थाचें वाक्य दिसलें, तर तेथें जाणत्याची मदत घ्यावी. काढतां काढतां तें अँटिव्हायरस 'कां काढतां?' म्हणून एक प्रश्नपत्रिका उघडतें. मुलानें ती आमच्यादेखत शुद्ध मराठींत भरली. ती तिकडे कोणी वाचली असेल, असें वाटत नाहीं.

ज्या पालकांस आपला संगणक तपासून घ्यावयाचा असेल, त्यांनीं शनिवारीं शाळा सुटल्यावर संगणकाच्या खोलींत यावें. यंत्राबरोबर त्याचा चार्जर आणावा, आणि शक्य तर ज्या मुलानें किंवा मुलीनें सॉफ्टवेअर चढविलें असेल, तिला अथवा त्याला बरोबर आणावें. त्यांस कोणी रागावणार नाहीं.