प्रसूतीच्या वेळी सोबत : एक विसरलेली सेवा



घरात बाळ येणार असले की तयारी बरीच होते. दवाखाना कोणता, पैशांची सोय कशी, स्नानसंस्काराच्या वेळी धर्ममातापिता कोण, हे सारे ठरते. एक गोष्ट मात्र बहुधा ठरवली जात नाही. कळा सुरू झाल्यापासून बाळ कुशीत येईपर्यंत त्या स्त्रीजवळ कोण बसणार? आज आपण याच प्रश्नाचा विचार करू.

सुईणीची दोन कामे

पहिले बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची जुनी रीत. पूर्वी ते घरातच होई आणि सुईण बोलावली जाई. ती दोन कामे करी. एक, बाळाला बाहेर आणणे व नाळ कापणे. दुसरे, बाळंतिणीजवळ बसणे, तिची कंबर चोळणे, घाम पुसणे आणि "आता थोडंच राहिलं, बाई" असे म्हणत धीर देणे.

पहिल्या कामात धोका मोठा होता. अतिरक्तस्राव, आडवे मूल, धनुर्वात यांच्यापुढे सुईणीचा इलाज चालत नसे. कित्येक माता आणि बाळे दगावत. म्हणून बाळंतपण दवाखान्यात गेले, हे चांगलेच झाले. २००५ साली जननी सुरक्षा योजना सुरू झाली. पुढे आशाताई गरोदर स्त्रियांना दवाखान्यापर्यंत नेऊ लागल्या. पहिले काम असे योग्य हातांत गेले. दुसरे काम मात्र कोणाच्याच वाट्याला आले नाही. परिचारिकेला एकाच वेळी अनेक स्त्रियांकडे पाहावे लागते. सासू आणि आई दाराबाहेर बसतात आणि आत ती मुलगी एकटी असते.

आपल्या भुसावळात ही अडचण अधिकच जाणवते. रेल्वे, आयुध निर्माणी आणि दीपनगरचे वीज केंद्र यांतील नोकरीमुळे कितीतरी कुटुंबे दूरच्या गावांहून येथे आलेली आहेत. काहींचे माहेर दोन दिवसांच्या प्रवासावर असते. गाडी पकडून आई येईपर्यंत बाळ जन्मलेले असते.

'डुला' म्हणजे कोण?

हे दुसरे काम करणाऱ्या स्त्रीला आज जगभर 'डुला' म्हणतात. पुण्या-मुंबईत प्रशिक्षण घेतलेल्या डुला आहेत. मूळ शब्द ग्रीक असून त्याचा अर्थ 'दासी' असा आहे. १९७३ साली डॅना राफाएल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ स्त्रीने नव्या मातेला आधार देणाऱ्या बाईसाठी तो वापरला. आपल्याला हा शब्द परका नाही. संत लूकच्या मूळ ग्रीक शुभवर्तमानात देवदूताला उत्तर देताना पवित्र मरिया स्वतःसाठी हाच शब्द वापरते. त्यानंतर लगेच ती डोंगराळ प्रदेशात एलिझाबेथच्या घरी जाते. एलिझाबेथला तेव्हा सहावा महिना होता आणि मरिया तिच्याकडे सुमारे तीन महिने राहिली. जपमाळेतील आनंदाच्या दुसऱ्या रहस्यावर मनन करताना आपण ही सोबत आठवावी.

नुसत्या सोबतीने काय होते?

'जवळ बसून काय फरक पडणार?' असे कोणी विचारील. १९८० साली ग्वाटेमालातील एका रुग्णालयातला अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथे काही स्त्रियांजवळ एक अनोळखी, साधी बाई सतत बसवली होती. एकट्या स्त्रियांना प्रसूतीस सरासरी १९ तास लागले, तर सोबत असलेल्यांना ९ तासांहूनही कमी. तो अभ्यास लहान होता. पुढे २०१७ साली १७ देशांतील २६ अभ्यास एकत्र तपासले गेले. त्यांत १५ हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. सतत सोबत असलेल्या स्त्रियांमध्ये सिझेरियनचे प्रमाण कमी आढळले, प्रसूतीचा वेळही काहीसा कमी आढळला.

याचे कारण समजण्यासारखे आहे. भीती वाटली की शरीर आखडते आणि कळांचा जोर मंदावतो. ओळखीचा हात हातात असला की शरीर सैलावते.

सोबतिणीने काय करावे, काय करू नये?

१. कळा सुरू झाल्यापासून जवळच राहावे. थोड्या वेळापुरते येऊन जाणे म्हणजे सोबत नव्हे.
२. कंबर चोळावी, कूस बदलायला मदत करावी आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यास चालवावे, पाणी द्यावे.
३. डॉक्टर जे सांगतात ते सोप्या शब्दांत तिला समजावावे आणि तिचे म्हणणे त्यांना कळवावे.
४. बाळ जन्मल्यावर तासाभरात त्याला अंगावर घ्यायला मदत करावी. मध किंवा घुटी चाटवू देऊ नये.
५. तपासणी, औषध, इंजेक्शन यांत हात घालू नये. ते डॉक्टर-परिचारिकांचे काम आहे.
६. "आमच्या वेळी असं नव्हतं" असे म्हणून तिला कमी लेखू नये.

तत्त्वज्ञ सॉक्रेटिसची आई सुईण होती. तोही आपल्या कामाची तुलना सुईणीच्या कामाशी करी. विचार शिष्याचाच असतो, गुरू फक्त तो जन्माला यायला मदत करतो, असे त्याचे मत होते. सोबतिणीनेही हे ध्यानात ठेवावे. श्रम आणि सामर्थ्य त्या मातेचे असते. आपण फक्त जवळ असतो.

दवाखान्यात परवानगी मिळेल का?

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ साली सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी एक स्त्री नातेवाईक जवळ ठेवण्यास मान्यता दिली. तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत आणि तिने कर्मचाऱ्यांच्या कामात अडथळा आणू नये, अशा अटी आहेत. खाजगी दवाखान्यात सातव्या महिन्यातच डॉक्टरांशी नम्रपणे बोलून घ्यावे. जेथे आडोशाची सोय आहे तेथे पतीनेही आत थांबण्याविषयी विचारावे. तशी सोय नसेल तर बाहेर मोबाईलवर वेळ न घालवता रक्ताची, औषधांची आणि घरच्या मुलांची जबाबदारी त्याने उचलावी.

आणखी एक गोष्ट. प्रत्येक प्रसूतीचा शेवट आनंदात होत नाही. बाळ गेलेल्या मातेजवळ बसायला लोक कचरतात, कारण काय बोलावे ते सुचत नाही. बोलायला हवेच असे नाही. अशा वेळीच सोबतीची सर्वाधिक गरज असते. नवऱ्याने सोडलेली किंवा माहेर तुटलेली स्त्रीही आपल्याच धर्मग्रामाची लेक आहे.

आपण काय करू शकतो?

आम्हांला वाटते की प्रत्येक विभागातून दोन अनुभवी भगिनींनी या सेवेसाठी पुढे यावे. त्यांना एखाद्या परिचारिकेकडून आवश्यक ती माहिती देण्याची व्यवस्था आपण करू. इच्छुकांनी मिस्सेनंतर कार्यालयात नाव द्यावे. ज्या घरी बाळ येणार आहे त्यांनीही संकोच न करता कळवावे.

कुटुंबात चर्चेसाठी :
१. आपल्या गल्लीत सध्या कोणी गरोदर स्त्री माहेरापासून दूर आहे का?
२. तिच्याजवळ कोण बसणार, हे तिला कोणी विचारले आहे का?

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू