झाडांसाठी काढलेले कर्ज

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कॅलिफोर्निया नावाचे राज्य आहे. तिथे रेडवूडची झाडे आहेत. किती उंच म्हणाल? काही तीनशे फुटांच्याही वर! त्यांतली काही दोन हजार वर्षांची. पण लाकूड चांगले, म्हणून व्यापाऱ्यांनी रानेच्या राने तोडली. उरलेले रान राखायचे तर जमीन विकत घ्यायला हवी. एवढा पैसा एकदम आणायचा कुठून?

राज्याने कर्जरोखे काढायचे ठरवले. कर्जरोखा म्हणजे काय? सरकार लेखी वचन देते. ज्याच्याजवळ पैसा आहे, तो हा रोखा विकत घेतो. सरकार त्याला व्याज देते आणि मुदत भरली की मुद्दल परत करते. हे पैसे करातून जातात, म्हणजे लोकांच्याच खिशातून. म्हणून तिथे असे कर्ज काढण्याआधी लोकांचे मत घेतात.

नोव्हेंबर १९२८ मध्ये मतदान झाले. कर्ज ६० लाख डॉलरचे. चारांतल्या जवळजवळ तिघांनी 'होय' म्हटले. अट मात्र होती. कर्जातला एक डॉलर खर्चायचा, तर देणगीचा किंवा गावाचा एक डॉलर जोडीला हवा. फुकटात काही नाही! या पैशातून रेडवूडची राने आणि समुद्रकाठच्या जागा लोकांच्या झाल्या.

पुढेही अशी कर्जे निघाली. जून २०१८ मध्ये बागा, पाणी वगैरेंसाठी ४०० कोटी डॉलर मंजूर झाले. मतदारांना दिलेल्या पुस्तिकेत फेडीचा अंदाज छापला होता : वर्षाला सरासरी २० कोटी, ४० वर्षे. करा बरे गुणाकार. घेतले चारशे, फेडायचे आठशे! महाग खरे. पण आजचे पोर त्या बागेत खेळेल, मोठेपणी हप्ताही तेच भरेल. मला हे रास्त वाटते. विहिरीसाठी कर्ज काढावे, रोजच्या मीठ-मिरचीसाठी काढू नये.

बागेलाही मीठ-मिरची लागतेच. झाडलोट, राखणदार, नळदुरुस्ती. हा खर्च वर्षाच्या अंदाजपत्रकातून करायचा असतो. २०११ साली राज्याची तिजोरी आटली, तेव्हा २७८ पैकी ७० उद्याने बंद करण्याचे जाहीर झाले. लोकांनी देणग्या दिल्या, संस्था पुढे आल्या, म्हणून बहुतेक उघडी राहिली. आणि २०१२ मध्ये काय उघडकीस आले? त्याच उद्यान खात्याकडे सुमारे ५ कोटी ४० लाख डॉलर कुणाला न सांगता शिल्लक पडले होते! खात्याच्या प्रमुखांनी राजीनामा दिला.