गर्भाशयातील गाठी व कमीत कमी छेदाचे उपचार

वार्षिक अहवालात जमाखर्चासोबत एखाद्या आजाराची माहिती सभासद, देणगीदार व हितचिंतकांपुढे ठेवण्याची प्रथा आम्ही पाळत आलो आहोत. यंदा गर्भाशयातील फायब्रॉइडच्या गाठी हा विषय निवडला आहे. आम्ही प्रशासन पाहणारी माणसे, वैद्य नव्हे. परंतु केसपेपर काढतानाच “पिशवी काढायची आहे” असे सांगणाऱ्या भगिनी नोंदणीच्या खिडकीवर वारंवार दिसतात. तपासणी व्हायची असते, निर्णय मात्र घरून झालेला असतो. बहुधा कोणीतरी गाठीचा कर्करोग होईल अशी भीती घातलेली असते.

फायब्रॉइड ही गर्भाशयाच्या स्नायूंतून वाढणारी साधी गाठ होय. ती मुगाच्या दाण्याएवढी असू शकते, तशीच नारळाएवढीही. स्त्रीसंप्रेरकांवर ती पोसली जाते व रजोनिवृत्तीनंतर सहसा आक्रसते. कित्येक स्त्रियांना ती असल्याचे कळतही नाही. अशा गाठीला उपचारांची गरज नसते. आकारापेक्षा जागा महत्त्वाची. गर्भाशयाच्या पोकळीत डोकावणारी लहानशी गाठ भरमसाट रक्तस्राव घडवते व रक्तातील हिमोग्लोबिन पार खाली आणते, तर बाहेरच्या अंगाला वाढलेली मोठी गाठ वर्षानुवर्षे गप्प राहते. त्रास असल्यासही प्रथम गोळ्या, लोह व संप्रेरकयुक्त तांबी यांचा विचार होतो.

पोकळीतील गाठीसाठी पोटावर छेद घ्यावाच लागत नाही. योनिमार्गाने दुर्बीण आत नेऊन, विद्युतप्रवाहित तारेच्या कडीने गाठ थोडी थोडी तासून काढतात. त्या वेळी पोकळी द्रवाने फुगवून ठेवावी लागते आणि आत किती द्रव गेला, बाहेर किती आला, याचा जमाखर्च परिचारिका मिनिटामिनिटाला मांडत असते. ही तूट ग्लायसीनसारख्या द्रवात एक लिटरच्या आणि सलाईनमध्ये अडीच लिटरच्या घरात पोहोचली की शस्त्रक्रिया थांबवतात, कारण हा द्रव शरीरात शोषला जात असतो. हिशेब न जुळल्यास काम थांबवण्याची ही शिस्त आम्हा वाणिज्य शाखेच्या मंडळींना विशेष भावते.

भिंतीतील वा बाहेरच्या गाठी पोटावर तीन-चार छोटी छिद्रे घेऊन दुर्बिणीतून काढता येतात. गाठ सोडवणे त्या मानाने सोपे; गर्भाशयाची भिंत आतल्या आत भक्कम शिवणे हे खरे कसब. पुढे गर्भ राहिल्यास हाच सांधा ताण सोसणार असतो. मोठी गाठ छिद्रातून काढण्यासाठी यंत्राने तिचे तुकडे करीत. परंतु गाठ समजून काढलेला भाग क्वचित कर्करोगाचा निघतो व तुकडे करताना तो पोटात पसरू शकतो, म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०१४ मध्ये या यंत्राविरुद्ध इशारा दिला. त्यानंतर तुकडे पिशवीबंद अवस्थेत करण्याकडे कल वाढला. छिद्र लहान म्हणजे धोकाही लहान, असे समीकरण मांडता येत नाही, ते यासाठी.

तिसरा मार्ग एम्बोलायझेशनचा. पॅरिसमधील डॉ. जाक राव्हिना व सहकारी शस्त्रक्रियेतील रक्तस्राव कमी व्हावा म्हणून आधी गर्भाशयाच्या रोहिण्या बंद करीत असत. काही स्त्रियांचा त्रास तेवढ्यानेच थांबला व शस्त्रक्रियेची गरजच उरली नाही. हा अनुभव त्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. हे काम क्ष-किरण विभागातील तज्ज्ञ करतात. जांघेतील वा मनगटातील रोहिणीतून बारीक नळी गर्भाशयाच्या दोन्ही रोहिण्यांपर्यंत नेऊन रव्याच्या कणांएवढे सूक्ष्म कण सोडले जातात. रक्तपुरवठा तुटलेली गाठ पुढील काही महिन्यांत आक्रसते. पूर्ण भूल लागत नाही, पोटावर टाकाही नाही. मात्र पहिला दिवस चांगलाच वेदनेचा असतो, हे रुग्णाला आधीच स्पष्ट सांगितले पाहिजे.

या उपचाराचा दूरचा ताळेबंदही पाहावा. नेदरलँड्समधील २८ रुग्णालयांत झालेल्या ‘एमी’ या अभ्यासात दहा वर्षांनंतर एम्बोलायझेशन झालेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश स्त्रियांचे गर्भाशय वाचले होते. उरलेल्या एक-तृतीयांश स्त्रियांना ते पुढे काढावे लागले. ब्रिटनमधील २५४ स्त्रियांच्या ‘फेम’ अभ्यासात (२०२०) दोन वर्षांनंतर गाठ काढलेल्या स्त्रियांचे जीवनमान एम्बोलायझेशनवाल्यांपेक्षा अधिक चांगले आढळले. ज्यांना अपत्य हवे आहे त्यांच्यासाठी गाठ काढण्याचाच सल्ला सहसा दिला जातो. केंद्रित ध्वनिलहरींनी गाठ जाळण्याच्या उपचाराला अमेरिकेत २००४ साली मान्यता मिळाली; यंत्रसामग्रीच्या किमतीमुळे तो थोड्याच ठिकाणी मिळतो.

आता आमच्या प्रांतातील गोष्ट. पोट उघडून पिशवी काढण्याचे बिल पुष्कळदा दुर्बिणीच्या बिलापेक्षा कमी दिसते, आणि नातेवाईक तेवढाच आकडा पाहतात. त्या बिलात पुढच्या सहा आठवड्यांची बुडालेली मजुरी नसते. अंडाशयेही काढली तर अकाली येणारी रजोनिवृत्ती व हाडांची झीज नसते. या बाबी जमेस धरल्या की स्वस्त उपचार महाग ठरू शकतो. २०१९ मध्ये राज्य शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांचे सर्वेक्षण केले, तेव्हा १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्या सर्वांना गाठीच होत्या असे नव्हे. परंतु पाळीच्या त्रासाने पडणारा खाडा व त्यापायी कापली जाणारी मजुरी किती मोठा निर्णय घ्यायला लावते, हे त्या आकड्यांत दिसते. अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रियांना आळा घालणाऱ्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना राज्यांनी अमलात आणाव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला.

पिशवी काढणे सदैव चूक असते, असा याचा अर्थ नव्हे. अनेक मोठ्या गाठी, आटोक्यात न येणारा रक्तस्राव, कर्करोगाची शंका, किंवा मूल नको असलेल्या स्त्रीची स्वतःची विचारपूर्वक पसंती, अशा वेळी तोच योग्य उपचार असतो. मात्र ती पसंती तिची असावी. म्हणून आमच्या बाह्यरुग्ण विभागात पर्याय समजावताना केवळ पती वा सासूबाई नव्हे, तर रुग्ण स्वतः समोर बसलेली असावी, असा आग्रह आम्ही धरतो. यामुळे वेळ जातो व रांग लांबते, हे मान्य आहे.

खर्चाबाबत एक सूचना. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात, आणि त्यासाठी बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठीही या सवलतीची चौकशी करता येते. शिधापत्रिका व उत्पन्नाचा दाखला घेऊन समाजसेवा अधिकाऱ्यांना दाखल होण्यापूर्वीच भेटावे. हिमोग्लोबिन कमी असल्यास लोहाचे उपचार आधी पूर्ण करावे लागतात. तेव्हा तारीख पुढे गेली म्हणून नाराज होऊ नये, व त्या काळात गोळ्या मध्येच सोडू नयेत.