१९५३ सालचं नसलेलं धनुष्य

प्रश्न : आम्ही डेट्रॉइटजवळ राहतो. शेजारच्या घरातलं जुनं सामान विकायला काढलं होतं, त्यात तीस डॉलरला एक शिकारीचं धनुष्य मिळालं. मुठीजवळ लाकडात एक नाणं बसवलेलं आहे. पात्यांवर 'बेअर', 'कोडियाक हंटर', ४५ पौंड आणि १९५३ असं लिहिलेलं आहे. अनुक्रमांक ९ या आकड्याने सुरू होतो. चौदा वर्षांचे चिरंजीव रोज मागे लागलेत. सत्तर वर्षांपूर्वीचं धनुष्य ओढलं तर मोडेल का? आणि विकलं तर काय येईल?

उत्तर : आधी त्याचं वय थोडं कमी करू. १९५३ हा आकडा पाहून अमेरिकेतले भलेभले फसतात. तो पेटंटच्या मजकुरातला आहे, कॅनडातल्या पेटंटचं साल. बेअर कंपनी पुढे कितीतरी वर्षं तोच मजकूर छापत राहिली. 'कोडियाक हंटर' हे मॉडेलच साठच्या दशकाच्या उत्तरार्धातलं. १९६५ ते १९६९ या काळात अनुक्रमांकाचा पहिला आकडा सालाचा असे, म्हणजे तुमचं धनुष्य १९६९ चं धरा. नाण्यावरून बोट फिरवून पाहा. ते लाकडाच्या पातळीत सपाट लागलं तर हिशेब जुळला, कारण वर उठलेलं नाणं १९७३ पासून आलं. गंमत म्हणजे माल तुमच्याच गावचा. फ्रेड बेअर डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांत काम करायचा, १९३३ मध्ये तिथेच त्याने धंदा सुरू केला आणि १९४७ मध्ये कारखाना मिशिगनमध्येच वर ग्रेलिंगला नेला. १९७८ मध्ये तो फ्लोरिडाला हलला. म्हणून संग्राहक पात्यावर 'ग्रेलिंग' शोधतात.

आता मोडण्याचं. या धनुष्याच्या पात्यांत मध्ये लाकूड आणि दोन्ही बाजूंना फायबरग्लास असतो, सगळं सरसाने चिकटवलेलं. लाकूड आणि काच सहसा दगा देत नाहीत, दगा देतो सरस, आणि त्याचा वैरी म्हणजे उष्णता. उन्हात उभ्या गाडीत किंवा माळ्यावर पत्र्याखाली काढलेली वर्षं दिसत नाहीत, पण थर सुटायला तिथूनच सुरुवात होते. म्हणून दोरी चढवण्याआधी दिव्याखाली पात्यांच्या कडा बघा. थरांमध्ये नख शिरेल अशी फट दिसली तर धनुष्य भिंतीवर टांगा, विषय संपला. मग कापसाचा बोळा दोन्ही पात्यांवरून हलकेच फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे काच फुटलेली आहे. पात्याच्या लांबीच्या दिशेने केसासारख्या रेघा दिसतील. जुन्या फायबरग्लासवर त्या असतातच, बहुतेक वेळा निरुपद्रवी. आडवी रेघ मात्र एकही नको.

दोरी नवीन घ्या, आणि तीही डॅक्रॉनची. दुकानदार आजच्या, न ताणणाऱ्या झटकेबाज दोऱ्या गळ्यात मारेल. त्या या धनुष्यासाठी नाहीत. जुन्या पात्यांची टोकं तेवढा धक्का सोसायला बनवलेलीच नव्हती, दोरी टोकात चिरत जाते. दोरी चढवायला स्ट्रिंगर वापरा. धनुष्य पायांत अडकवून वाकवण्याची जुनी पद्धत फोटोत रुबाबदार दिसते, पण पाती पिळवटतात ती तिनेच. दोरी चढली की एका टोकाकडून नजर लावून पाहा, ती पात्याच्या मधोमध यायला हवी. किंचित पीळ असेल तर जाणकार माणूस काढून देतो. मग डोळ्यांवर चष्मा लावून, समोर कुणी नाही हे बघून, आधी थोडं ओढा आणि हळूच परत आणा. पुढच्या वेळी आणखी थोडं. कान उघडे ठेवा. टिकटिक किंवा चरचर ऐकू आली की थांबायचं.

आणि बाण न लावता दोरी कधीही सोडू नका. बाणात जायची शक्ती मग पात्यांतच परतते आणि धडधाकट धनुष्यही एका झटक्यात जातं. सामानाच्या विक्रीत निम्मी गिऱ्हाइकं नेमका हाच प्रताप करून वस्तू खाली ठेवतात, म्हणून ही सगळी तपासणी.

किमतीचं गणित मात्र उलटं आहे. जे धनुष्य निर्धास्त वापरता येतं ते फारसं दुर्मीळ नसतं. 'कोडियाक हंटर' भरपूर बनली, चांगल्या अवस्थेतल्याला शंभर-दोनशे डॉलर येतात. १९५९ च्या 'कोडियाक'साठी संग्राहक त्याहून बरंच मोजतात. त्याहून मजेदार गोष्ट म्हणजे १९५० च्या सुमारास बेअरने काही पात्यांत ॲल्युमिनियमचा थर घातला होता. ती इतकी मोडली की उरलेल्यांना आता भाव आहे, आणि ओढायची हिंमत शहाण्याने करू नये. तीसच्या दशकातली निव्वळ लाकडी धनुष्यंही तशीच, भिंतीवरच शोभतात.

त्याच विक्रीत ऐंशीच्या दशकातलं चाकं-तारांचं कंपाउंड धनुष्य स्वस्तात दिसलं असेल तर मोह आवरा. ॲलन नावाच्या संशोधकाला या प्रकाराचं पेटंट १९६९ मध्ये मिळालं आणि पुढच्या काही वर्षांत शिकाऱ्यांनी तुमच्यासारखी धनुष्यं गॅरेजमध्ये टांगून टाकली. म्हणून तर ती इतकी ठणठणीत राहिली. जुन्या कंपाउंडच्या तारा मात्र नुसतं ठेवलं तरी ताणलेल्या असतात, सुटे भाग मिळत नाहीत, आणि विकायला गेलात तर कुणी फुकटही नेत नाही.

विकायचं असेल तर एक करू नका : पॉलिश. घासून चकचकीत केलं की छापलेली अक्षरं जातात, आणि गिऱ्हाईक पैसे देतं ते त्या अक्षरांचे. ओल्या फडक्याने पुसा, बस्स. दुर्बिणीसाठी किंवा नेमासाठी कुणी भोकं पाडली आहेत का तेही बघा, त्यानेही भाव उतरतो.

राहिले चिरंजीव. ते ४५ पौंड २८ इंच ओढल्यावरचे असतात. चौदा वर्षांच्या मुलाचा हात तेवढा लांब नसेल तर त्याच्या वाट्याला कमी येतील, पण नवशिक्याला तेही जास्तच. खांदा वर चढवून, अंग मागे टाकून तो कसाबसा ओढेल आणि ती सवय पुढे कोच काढत बसेल. त्याला २० ते २५ पौंडांचं साधं धनुष्य घेऊन द्या. हे सध्या तुम्हीच चालवा.