ड्रेसिंग टेबलाची काष्ठसजावट

कला ही केवळ चित्रशाळेत नांदते, असा आपला एक समज असतो. नाशिककराने तरी तो बाळगू नये. सराफ बाजारानजीकचा पेशवेकालीन सरकारवाडा पाहावा. अशा वाड्यांत सुरूदार खांब असतात आणि खांब जेथे तुळईला भेटतो तेथेच केळफुलाची नक्षी बहरते. बांधणीचा सांधा हीच सजावटीची जागा, हा धडा घरातल्या जुन्या ड्रेसिंग टेबलालाही लागू पडतो.

प्रथम टेबलाचे सांधे हेरावेत : आरशाच्या चौकटीचे कोपरे, खणांच्या मुठीभोवतालची जागा, पायांचा वरचा भाग. नक्षी कागदावर काढून, कागद मध्ये दुमडून कापावा. म्हणजे दोन्ही अंगे सारखी येतात. मग ती पातळ सागवानी फळीवर उतरवून बारीक करवतीने तुकडे कापावेत व कानशीने कडा गोल कराव्यात.

येथे लाकडाचा स्वभाव जाणणे अगत्याचे आहे. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही. रुंदीत मात्र पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. श्रावणात खण अडकतात ते यामुळेच. म्हणून भरीव फळीवर लांब पट्टी आडवी, म्हणजे फळीच्या रेषांना छेदून, सबंध चिकटवू नये. फळी हलू पाहते, पट्टी तिला अडवते. अखेर एक तडकते किंवा दुसरी सुटते. तुकडे लहान ठेवावेत आणि दोहोंच्या रेषा एकाच दिशेने असाव्यात. प्लायवूडचे थर एकाआड एक आडवे-उभे असल्याने तेथे हे भय फारसे नाही.

पॉलिशवर चिकट धरत नाही. तेव्हा तुकड्याखालचे जुने पॉलिश आधी खरवडून काढावे. पूर्वी सुतार सरस शिजवून लावीत; १९५९ मध्ये फेव्हिकॉल आले आणि हे काम घरच्या माणसालाही सोपे झाले. तुकडा बसवल्यावर रात्रभर वजन ठेवावे. शेवटी रेषांच्या दिशेने पॉलिश पेपर फिरवून, स्पिरिटमध्ये विरघळलेल्या चपड्या लाखेचे पातळ हात द्यावेत.

पाडलेल्या वाड्यांचे कोरीव तुकडे पुष्कळदा सरपणाच्या भावाने जातात. असा तुकडा मिळाल्यास तो हलक्या ब्रशाने साफ करून आरशाच्या माथ्यावर बसवावा. उभ्या वास्तूचा मात्र एक खिळाही काढू नये. सरकारवाडा हे संरक्षित स्मारक आहे. तेथून न्यायची ती नक्षी डोळ्यांनी न्यावी. मोडीत निघणारे टेबल अशा रीतीने सावरले, तर आपल्या गावचा वारसा घराघरांत थोडाफार तरी टिकून राहील.